भूक मारायची बातमी छापता, मग भूक आणायची पण छापा

संपादक महाशय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत भुकेवरच्या लशीबद्दल जो अर्धा पान मजकूर आला तो मी दुकानात बसून वाचला आणि सोमवारपासून काउंटरवर जे सुरू झालंय ते बघून हे पत्र लिहायला घेतलं. फोंड्यात माझी फार्मसी आहे. मथळा असा की आता एका इंजेक्शनात भूक गायब, आणि खाली कुठेतरी एका ओळीत पोर्तुगालच्या संशोधकांचं काम असल्याचा उल्लेख. आता पोर्तुगाल म्हटलं की आमच्याकडे अर्ध्या लोकांचे कान टवकारतात, कुणाचा मामा लिस्बनला, कुणाची मुलगी पोर्तोला, लगेच "थंयच्यान हाडपाक मेळटलें?" ही तिथून मागवायची चौकशी चालू. एका काकूंनी तर विचारलं की नातू डिसेंबरात येतोय, त्याच्या बॅगेतून आणलं तर खराब नाही ना होणार, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं का. मी म्हटलं काकू, ती लस उंदरांना दिली होती, आणि ती पण 2011 साली. काकू म्हणाल्या पेपरात तर उंदीर नव्हता. खरंच नव्हता हो, मी परत वाचून बघितलं, अख्ख्या अर्ध्या पानात उंदीर एकदाही आलेला नाही.

काम कुणाचं आणि काय ते सांगतो, कारण काम चांगलं आहे आणि त्या बाईंचा यात काडीचा दोष नाही. पोर्तो विद्यापीठाच्या मारियाना मोंतेइरो, हार्मोनवर काम करणाऱ्या संशोधक. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन रक्तात सुटतं आणि मेंदूला सांगतं की खायची वेळ झाली. हे हार्मोन 1999 मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं, 28 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, आणि तिला फॅटी ॲसिडचं एक शेपूट चिकटलेलं असतं, ते शेपूट नसेल तर भुकेचा निरोप पोचत नाही. मोंतेइरोंच्या टीमने हे घ्रेलिन एका विषाणूच्या प्रोटीनवर चिकटवलं, मेंढ्यांना ब्लूटंग नावाचा रोग होतो त्याचा विषाणू, पण अख्खा नाही, नुसतं एक प्रोटीन, म्हणजे त्याने रोग होत नाही. मग ते उंदरांना टोचलं. शरीराला वाटतं की हा कोणीतरी परका आलाय आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, आणि त्या अँटिबॉडी मग उंदराच्या स्वतःच्या घ्रेलिनला पण धरून ठेवतात, त्याला मेंदूपर्यंत जाऊच देत नाहीत. तीन डोस दिले. शेवटच्या डोसानंतर लठ्ठ उंदीर लस न दिलेल्यांच्या निम्मंच खात होते, आणि शरीर खर्च करत असलेली ऊर्जा पण वाढलेली. हे 2011 मध्ये बॉस्टनला एंडोक्राइन सोसायटीच्या परिषदेत सांगितलं गेलं आणि तेव्हाही जगभर असेच मथळे झाले होते, त्यामुळे तुम्ही एकटेच आहात असं नाही, फक्त तुम्हाला जरा उशीर झाला.

पण तुमच्या मजकुरात जे आलं नाही ते हे की ही कल्पना त्याच्याही आधीची आहे आणि माणसावर करून झालेली आहे. 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स इन्स्टिट्यूटच्या किम जांडा यांच्या टीमने मोठ्या उंदरांवर, म्हणजे आपण घूस-उंदीर म्हणतो तसल्या रॅटवर, घ्रेलिनची लस वापरली आणि त्यांचं वजन कमी वेगाने वाढलं (हेच जांडा निकोटीन आणि कोकेनवरच्या लशींवर पण काम करतात, माणूस सगळ्याच तलफांच्या मागे लागलाय). आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सायटोस नावाच्या कंपनीने आपल्या घ्रेलिन लशीचा निकाल जाहीर केला, ती लठ्ठ माणसांना देऊन बघितली होती. अँटिबॉडी व्यवस्थित तयार झाल्या. वजन काही उतरलं नाही. संपलं. या निकालावर कुणी पुरवणी काढली नाही, कारण "लस दिली आणि काही झालं नाही" हा मथळा होत नाही.

का झालं नाही? तर शरीराने भुकेसारखी गोष्ट एका हार्मोनच्या भरवशावर ठेवलेली नाही. 2003 मध्ये घ्रेलिनचं जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर ते नेहमीसारखे खात होते, नेहमीसारखे वाढत होते. दुसरं म्हणजे लठ्ठ माणसात घ्रेलिन जास्त असेल असं वाटतं ना, तर उलट आहे, ते कमी असतं, आणि डाएट करून वजन उतरवलं की मात्र वर चढतं, म्हणजे शरीर गेलेलं वजन परत मागतं. लेप्टिनचं पण तेच झालं. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी ते शोधलं, चरबीतून निघणारं पोट भरल्याचं हार्मोन, तेव्हा सगळ्यांना वाटलं झालं, आता लठ्ठपणा गेला. मग बघतात तर लठ्ठ माणसात लेप्टिन आधीच भरपूर, मेंदूच त्याचं ऐकत नाही, आणि वरून टोचून थोडक्याच लोकांना थोडाच फायदा.

आता मला खरी जी गोष्ट सांगायची आहे ती. लस ही बंद करता येत नाही. गोळी थांबवता येते, इंजेक्शन थांबवता येतं, पण शरीराला एकदा शिकवलं की तुझं हे हार्मोन शत्रू आहे तर ते विसरायला किती वेळ घेईल हे शरीर ठरवणार, डॉक्टर नाही. आणि भूक ही काही कायमच नको असलेली वस्तू आहे का? पंचविशीत वजन कमी करायला लस घेतलेली मुलगी तिशीत गरोदर राहील. कुणाला टीबी होईल. कुणाला कॅन्सर होईल. तेव्हा हेच घ्रेलिन लागणार, आणि ते तर बांधून ठेवलेलं.

हे मी उगाच भीती घालायला म्हणत नाही, माझ्या काउंटरवर दोन्ही प्रकारचे लोक उभे असतात, कधी कधी एकाच वेळी. परवाच एक जण सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वजन उतरवायच्या इंजेक्शनच्या, पेनची किंमत विचारत होता, चांगला धट्टाकट्टा, जिमवाला, त्याला लग्नाआधी पाच किलो उतरवायचे होते, प्रिस्क्रिप्शन नाही काही नाही, आणि त्याच्या मागे एक मुलगा उभा, वडिलांची केमो चालू आहे म्हणून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, ये-जा, हातात उलटीच्या गोळ्यांची चिठ्ठी. त्याने प्रोटीन पावडरीचा डबा घेतला, तो फिरवून मागची किंमत बघितली आणि मग हळूच विचारलं की भूक लागायचं काहीतरी द्या, बाबा शीत-कडीचे दोन घास खातात आणि ताट सरकवतात, आई हुमण करते, सोलकढी करते, काही म्हणजे काही नको. मी काय देणार? लोक भुकेचं टॉनिक म्हणून जे सिरप मागतात ते ॲलर्जीच्या औषधाचं असतं, सायप्रोहेप्टाडिन, त्याने झोप येते, आणि कॅन्सरमधल्या असल्या भूक जाण्यावर त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. तुमच्या डॉक्टरांनाच विचार, आहाराचं पण तिथेच विचार, एवढंच सांगून पाठवलं. जिमवाल्याला पण डॉक्टरकडेच पाठवलं पण तो परत येईल असं वाटत नाही, त्याला कुठेतरी मिळेल.

या मुलाच्या वडिलांना जे होतंय त्याला कॅशेक्सिया म्हणतात, कॅन्सरमध्ये नुसती चरबी नाही तर स्नायूच झडतात, आणि कितीही खाऊ घातलं तरी अंगाला लागत नाही. आणि संपादक महाशय, त्याच भुकेच्या हार्मोनवर इथे उलट्या दिशेने काम चाललंय आणि त्याची बातमी मी तुमच्याच काय, कुठल्याच मराठी पेपरात बघितलेली नाही. जपानमध्ये जानेवारी 2021 ला ॲनामोरेलिन नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली, ती घ्रेलिनची नक्कल करते, म्हणजे जे हार्मोन पोर्तोत बांधून ठेवायचं चाललं होतं तेच इथे गोळीतून देतात, कॅन्सरच्या पेशंटला भूक लागावी म्हणून (युरोपने 2017 मध्ये ती नाकारली होती, तेही सांगायला पाहिजे, वजन थोडं वाढतं पण हाताची ताकद वाढत नाही म्हणून).

आणि इम्यून थेरपीचा, म्हणजे अँटिबॉडीसारख्या प्रतिकारशक्तीच्या हत्यारांनी करायच्या उपचाराचा, खरा उपयोग मला विचाराल तर इथे आहे. सिडनीचे सॅम्युअल ब्रेट यांनी 2007 मध्ये दाखवलं की काही ट्यूमर एक प्रोटीन सोडतात, आता त्याला जीडीएफ-15 म्हणतात, आणि त्यानेच भूक मरते. 2017 मध्ये कळलं की हे प्रोटीन किल्लीसारखं जिथे जाऊन बसतं ते कुलूप मेंदूच्या मागच्या भागात आहे, जीएफआरएएल नावाचं. 2023 मध्ये तर कळलं की गरोदरपणातल्या भयंकर उलट्यांमागे पण हेच प्रोटीन आहे, ज्या बायकांना "सगळ्यांनाच होतं, एवढं काय" असं सासरी-माहेरी ऐकवलं गेलं त्यांच्यासाठी हे एक वाक्य छापलं असतं तरी पुरवणी सार्थकी लागली असती. तर या जीडीएफ-15 ला धरणारी अँटिबॉडी फायझरने बनवली, पोनसेग्रोमॅब. 2024 मध्ये तिची चाचणी आली, 187 कॅन्सर पेशंट, 12 आठवडे, जास्तीत जास्त डोसवाल्यांचं वजन प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे ज्यांना औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलं त्यांच्यापेक्षा, सुमारे 2.8 किलोने जास्त. 2.8 किलो म्हणजे काय ते जिमवाल्याला नाही कळणार, ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला विचारा. अजून ही चाचणीतलीच गोष्ट आहे, दुकानात मिळत नाही, उद्या काउंटरवर मागायला येऊ नका. पण ही अँटिबॉडी बाहेरून दिलेली आहे, थांबवली की काही आठवड्यांनी उतरते, शरीराला काही शिकवलेलं नाही, आणि ती स्वतःच्या चांगल्या चाललेल्या भुकेवर सोडलेली नाही तर आजाराने जो निरोप बिघडवलाय त्यावर सोडलेली आहे. मला यात आणि त्या लशीत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

वजन उतरवण्याच्या बाजूलाही आता लशीऐवजी असंच चाललंय. ॲमजेनची मॅरीटाइड नावाची अँटिबॉडी आहे, तिला जीएलपी-1 या पोट भरल्याचं सांगणाऱ्या हार्मोनसारखे तुकडे जोडलेत, महिन्याला एक इंजेक्शन, 2025 मध्ये आलेल्या निकालात मधुमेह नसलेल्यांचं वर्षभरात 20 टक्क्यांपर्यंत वजन उतरलं. आणि जे आज मिळतं ते तर सगळ्यांना माहीतच आहे. मौंजारो, म्हणजे टिरझेपटाइड, मार्च 2025 मध्ये भारतात आलं, तेव्हा सर्वांत कमी डोसची कुपी 3,500 रुपयांना होती, आणि लागते आठवड्याला एक, हिशोब तुम्हीच करा. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच, त्यानंतर देशी कंपन्यांना मोकळीक. यांचे आकडे खरोखर मोठे आहेत, सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के, टिरझेपटाइडने जास्त डोसला 20 च्या आसपास. पण सेमाग्लुटाइड थांबवलं की वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश वजन परत येतं हे पण त्याच चाचणीच्या पुढच्या भागात आहे. ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी ती विकतो. ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने जरूर घ्यावी, आणि गोव्यात तर गरज असलेले कमी नाहीत, आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण अख्ख्या देशात सगळ्यात जास्त आपल्याकडे, 26.4 टक्के, देशाचं 11.4. चौघांत एक. सकाळी भाजी-पाव, दुपारी शीत, संध्याकाळी मिरची भजी आणि परत पाव, आणि चालायचं म्हणाल तर पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल दारात येते.

भूक आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं किती जुनं आहे याचं एक उदाहरण देतो, ते मला फार आवडतं. तापात तोंडाची चव जाते, आमच्याकडे मग पेज आणि लोणच्याची फोड, बाकी जबरदस्ती करायची नाही असं आजी म्हणायची, आणि आम्ही शिकलेले लोक तिला हसायचो की आजारी माणसाला ताकद नको का. 2016 मध्ये येल विद्यापीठाच्या रुस्लान मेडझिटोव यांच्या टीमने उंदरांवर बघितलं. बॅक्टेरियाचा संसर्ग झालेल्या उंदरांना जबरदस्तीने खायला घातलं, विशेषतः ग्लुकोज, तर ते जास्त मेले. आणि फ्लूच्या विषाणूचा संसर्ग झालेल्यांना खायला घातलं तर जास्त वाचले. म्हणजे आजी निम्मी बरोबर होती. (हे पण उंदरांवरच आहे, मी लिहिलं बघा. एवढं सोपं आहे.)

आणि उलट बाजूने बघा. लेप्टिन नुसतं भुकेचं नाही, ते टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींना, पण सांगतं की घरात धान्य आहे, लढायला हरकत नाही, हे 1998 मध्ये उपाशी उंदरांत दिसलं. इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाची, एकाच नात्यातली दोन मुलं होती, जन्मापासून लेप्टिनच नाही, भूक कधी भागायचीच नाही, वजन अतोनात. 1997 मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली आणि सदाफ फारूकी यांनी कारण शोधलं आणि अशा मुलांना रोज लेप्टिन टोचायला सुरुवात केली, तर भूक आटोक्यात आली, वजन उतरलं आणि पुढे टी-पेशी पण सुधारल्या. ज्यांच्यात ते मुळातच नाही त्यांच्यासाठी चमत्कार, आणि बाकी लठ्ठांना त्याच इंजेक्शनचा विशेष उपयोग नाही. कॅन्सरच्या ज्या इम्युनोथेरपीला, म्हणजे दबलेल्या टी-पेशींना परत लढायला लावणाऱ्या औषधांना, 2018 चं नोबेल मिळालं, ॲलिसन आणि होंजो यांना, तिथेसुद्धा 2019 मध्ये दिसलं की लठ्ठपणात लेप्टिनमुळे टी-पेशी थकतात आणि नेमकं त्यामुळेच ही औषधं कधी कधी लठ्ठांत जास्त चालतात. आता याचं काय करायचं? मला नाही माहीत, पण "चरबी वाईट, भूक वाईट" एवढ्या दोन शब्दांत हे बसत नाही हे नक्की.

तर माझं म्हणणं एवढंच की असल्या बातमीत तीन ओळी वाढवा. प्राणी कोणता होता. माणसावर करून झालंय का आणि झालं असेल तर काय निघालं. आणि दिलेलं थांबवता येतं का. तुमच्या पुरवणीत या तीन ओळींना जागा नाही असं म्हणू नका, त्याच पानावर राशिभविष्य आणि एका वजन कमी करायच्या चहाची पाव पान जाहिरात होती, ती पण बघितली मी. ज्या गोव्यात 1842 पासून डॉक्टर शिकवले जातात तिथल्या वाचकाला उंदीर म्हणजे काय ते समजतं हो, लपवायची गरज नाही.

आणि दुसरं, भुकेवर परत काही छापणार असाल तर कॅन्सरच्या पेशंटच्या आहारावर एक पान काढा. बांबोळीचे कॅन्सरचे डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, त्यांना विचारा की केमोत तोंडाला चव नसताना काय द्यायचं, थोडं थोडं किती वेळाने, मासे चालतात का, कच्चं काय टाळायचं, त्या महागड्या पावडरीच्या डब्याऐवजी अंडं आणि नाचणीत किती भागतं, वजन किती उतरलं की धावत जायचं. असं पान आलं तर मी ते कापून काउंटरवर काचेखाली लावीन, आणि त्या मुलाच्या हातात एक झेरॉक्स देईन. पावसाळ्यात सप्लायवाल्याचा पेपर उशिरा येतो, त्यामुळे कधी छापणार ते आधी कळवलंत तर दोन अंक जास्त सांगून ठेवतो.

आपला,
एक फार्मसीवाला, फोंडा